लाकडी घोड्यावरचा जनरल

तीन गावं जाळणारा क्रेसेन्सियो फोटोच्या दुकानातल्या लाकडी घोड्यावर मिशीला पीळ देत बसला होता. मेक्सिकोत क्रांती पेटली आणि हा कोंबडीचोर जनरल झाला. आता साहेबांना वर्तमानपत्रात छापून यायचं होतं.

“उजेडाची पूड पेटली की बार होईल. हलू नका, जनरल,” फोटोवाली म्हातारी एपिफानिया म्हणाली. तिचं घर यानेच जाळलं होतं, पण त्याला ती आठवतही नव्हती.

“तोफेपुढे हललो नाही मी. फोटो बिघडला तर गोळी घालीन.”

पूड भडकली आणि जनरलसाहेब डोकं धरून थेट घोड्याच्या पोटाखाली गेले. “मारू नका, मी नुसता स्वयंपाकी आहे,” असं डोळे मिटून विनवू लागले.

एपिफानियाने कॅमेऱ्याचं झाकण अजून काढलंच नव्हतं. तिने कॅमेरा खाली वळवला, झाकण काढलं आणि उरलेली पूड पेटवली.

धूर विरल्यावर जनरल मिशी पुसत बाहेर आले. “घोड्यावरचाच आला ना?”

“हुबेहूब आलात.”

“मग आजच छापायला पाठव,” त्यांनी हुकूम सोडला.