यजमानांचं वायफाय

पल्लवीनं लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ आली: हे नेटवर्क सुरक्षित नाही, काम सुरू करता येणार नाही.

दुपारपर्यंत लॅपटॉप जोडला नाही, तर नोकरी दुसऱ्या मुलीला जाणार होती. काम घरूनच करायचं, एका दवाखान्याच्या रुग्णांचे रिपोर्ट भरायचे. पेठच्या डोंगरातून नाशकात शिकायला आलेल्या पोरीच्या दारात पहिलीवहिली नोकरी येऊन उभी होती, आणि घोडं अडलं होतं घरमालकांच्या वायफायवर. त्याला पासवर्डच नव्हता. मोबाईलचं नेट तर तिच्या मागच्या खोलीत टिकतच नसे.

धीर करून ती पुढच्या खोलीत गेली. घरमालक शामसुंदरकाका पूजेची ताम्हणं पुसत बसले होते.

"काका, वायफायला पासवर्ड टाकला तर चालेल?"

काकांचा हात थांबला. "पल्लवी, आमच्याकडे गावोगावचे यजमान विधींना येतात. आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग नाव-गाव विचारायचं, ही आमच्या घराण्याची रीत. वायफायचंही तसंच. पाण्याला कुणी कुलूप लावतं का?"

"शेजारची पोरं आपल्या कंपाउंडवर बसून दिवसभर मॅच बघतात, तेही तुमचे यजमानच वाटतं!" कुसुमकाकूंनी स्वयंपाकघरातून टोला हाणला.

"बघू देत. आपलं काय जातंय?"

भाडेकरूनं मालकाच्या रीतीत नाक खुपसावं तरी किती! पल्लवी मुकाट्यानं माघारी निघाली. पण दोन पावलांवर तिचा जीव कळवळला. नोकरी लागली म्हणून आईनं पाड्यावर घरोघरी गूळ वाटला होता. ती परत वळली.

"काका, आमच्या पाड्यावर पण घराला कुलूप नाय. कुणी पण आलं तरी भाकर देतात. पण बियाण्याच्या नागलीची कणगी आई शेणानं लिंपून टाकते. घरात दाणा नसला तरी पेरणीपर्यंत फोडत नाय. तिथं पाहुण्याचा हात नाय, आमचा पण नाय." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "हे आजारी माणसांचे कागद हायेत काका. उघड्या नेटवर कुणी पण डोकावेल त्यांच्यात."

काकांनी हातातलं ताम्हण खाली ठेवलं.

"मग यजमानांनी काय करायचं?"

"त्यांचं वेगळं ठेवता येतं. मशीन एकच, नावं दोन. एक पाहुण्यांचं उघडं, एक कामाचं बंद."

"अगं, मग माझं कीर्तन संपेपर्यंत थांबलीस कशाला?"

"भीती वाटली," पल्लवी म्हणाली, आणि रडता रडता हसली.

तिनं राउटरला वायर लावून सेटिंग उघडलं. दोन्ही नावं तयार केली. पासवर्डच्या चौकटीशी येऊन तिनं लॅपटॉप काकांकडे सरकवला. "तुम्ही टाका काका. मशीन तुमचं, बिल तुम्ही भरता."

"छे छे! आमच्या तोंडात तीळ भिजत नाही. एखादा यजमान गोड बोलला की सांगून मोकळा होईन मी. तूच टाक, आणि तुझ्यापाशीच ठेव."

एवढं बोलून काकांनी पाटासकट भिंतीकडे तोंड फिरवलं.

पल्लवीनं अक्षरं दाबली. लाल ओळ गेली, हिरवी खूण आली. नाशकात आल्यापासून ती दुसऱ्यांच्या घरात अंग चोरून राहत होती; कुलूप लावून बंद करावं असं तिचं स्वतःचं काही या शहरात आजवर नव्हतंच. तिला इतकं भरून आलं की तोंडातून शब्द फुटेना.

भिंतीकडे बघत बसलेल्या काकांनी वाट पाहून हळूच विचारलं, "झालं का गं? वळू का आता?"