खुळखुळ्यातले काबरे

शकुबाईनं मडक्याच्या तोंडावरचा शेणमातीचा लेप फोडला, मडकं सुपात उपडं केलं, आणि सुपात बरबटी, म्हणजे चवळी, पडलीच नाही. पडलं ते पीठ! त्यातून चार भुंगे तुरुतुरु निघाले आणि सुपाच्या काठावर जाऊन बसले, जसं काही घर त्यांचंच.

तिनं मूठ भरून पाहिली. दाण्यादाण्याला भोकं. उद्या धानाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, हेच बी टोचायचं होतं.

"माहेरची बरबटी होती माही," ती म्हणाली. "लग्नात पदराले बांधून आणली होती. सरली."

"सरली तं सरली. मी देतो न माही," बुधरी म्हणाली. बुधरी जंगलाकडच्या टोल्यावरची, तिकडच्या छोट्या वस्तीतली. चारोळी देऊन धान न्यायला आली होती आणि नेहमीसारखी ओट्याखाली, अंगणात बसली होती.

"तुही काबरी? माह्या धुऱ्यावर?" शकुबाईचं नाक वर गेलं. "ते ठिपके पाहूनच माहं डोस्कं उठते."

आत धुरपता झोळीतल्या लच्छूला झोके देत होती. ती शकुबाईची थोरली, जनपदच्या सरकारी शाळेत सातवीत. लच्छूनं हातातला खुळखुळा हलवला आणि धुरपताचा हात जागीच थांबला.

"माय! हा तं खणखण वाजून राह्यला!"

"खुळखुळा वाजन नाई तं का गाणं म्हणन?"

"अवं, पण यात दाणे कोणते भरले होते तुनं?"

दाणे याच मडक्यातल्या बियाचे होते. शकुबाई दर साली बी निवडताना काबरे दाणे वेचून फेकायची. पांढऱ्याशुभ्र बरबटीत ते तिच्या डोळ्यांत खुपायचे. मागच्या साली मात्र लच्छूसाठी वाळक्या तुंबडीत भरले, सुपाबाहेर सांडलेले थोडे पांढरेही त्यातच लोटले आणि भोक मेणानं बुजवलं.

धुरपतानं लच्छूच्या मुठीतून खुळखुळा सोडवला. त्यानं भोकाड पसरलं. पसरू दे! वेणीतल्या आकड्यानं तिनं मेण उकरलं आणि बाहेर येऊन तुंबडी ओट्यावर आईपुढे रिकामी केली.

पांढऱ्यांची नुसती टरफलं. काबरे मात्र लाव्हरी पाखराच्या अंड्यांसारखे ठिपकेदार, तुकतुकीत. एकालाही भोक नाही.

"एकाच घरात राह्यले, माय! किड्यानं पांढरे खाल्ले अन् याहिले दात लावला नाई!" धुरपता ओट्यावरच नाचायला लागली. "हेच टोचू उद्या!"

"भेसळ हाये ते. माहं बी नोहे."

"तुहंच हाये! गुरुजीनं सांगितलं, एका फुलाची धूळ दुसऱ्या फुलाले लागली का मंग पुढच्या पिढीत दोघाहिचे गुण येते. धुऱ्याच्या इकडं तुही पांढरी, तिकडं बुधरीबाईची काबरी, अन् मधात मधमाशी." तिनं एक काबरा दाणा चिमटीत धरून आईच्या नाकासमोर नाचवला. "हे तुहेच नातू हाये, माय. बाप फक्त टोल्यावरचा!"

"मेले! जिभेले काई हाड!"

शकुबाईनं सूप उगारलं. सुपातलं पीठ उडालं आणि तिघींच्या डोक्यावर अक्षतांसारखं पडलं.

बुधरी पोट धरून हसली. हसता हसता तिनं आपल्या टोपलीतली चिमूटभर चारोळी तुंबडीत टाकली, भोकावर मेण दाबलं आणि खुळखुळा धुरपताकडे फेकला. लच्छूच्या हातात तो गेला, नव्या आवाजात वाजला आणि रडणं थांबलं.

"म्हंजे आपण इहिणी झालो, बाई," बुधरी डोळे पुसत म्हणाली. "अन् इहिणीले अजून पाणी नाई इचारलं तुनं."

धुरपताचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिनं आईकडे पाहिलं.

शकुबाईनं काबरे दाणे एकेक वेचून पदरात घेतले, पदराला घट्ट गाठ मारली आणि आत गेली. आली ती घरातला पितळेचा गडवा भरून घेऊन. बुधरीनं सवयीनं ओंजळ पुढे केली. शकुबाईनं पाणी ओतलं नाही. गडवाच त्या ओंजळीत ठेवला.

"वर बस," ती म्हणाली. "अन् उद्या सकाळीच धुऱ्यावर ये. नवरदेवाकडचं कोणी तरी पाह्यजे न."