मंदाताईंचं पहिलं बक्षीस

यशवंतरावांची बायको कुमुद गेली, ही बातमी सोसायटीत पसरली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने रडल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या मंदाताई. गणपतीतल्या कॅरमच्या स्पर्धेत कुमुद दर वर्षी त्यांना अंतिम सामन्यात हरवायची. "बोटं दुखेपर्यंत सराव केला मी, आणि ही बाई अशी न खेळताच निघून गेली!" असं म्हणत त्या हुंदके देत होत्या. यशवंतरावांना त्या दुःखातही हसू आवरावं लागलं.

यंदा पहिलं बक्षीस मंदाताईंना मिळालं. कप घेऊन त्या थेट यशवंतरावांकडे आल्या आणि तोंड पाडून बसल्या. "भावोजी, समोर धड राणी घेता येणारं कुणी नव्हतं. हे काय जिंकणं झालं? खरं सांगा, कुमुद मला घाबरायची का हो?"

"घाबरायची तर! गणपती जवळ आले की दुपारची झोप सोडून बोर्डावर बसायची. म्हणायची, या वेळी मंदा मला सोडत नाही."

मंदाताईंचा चेहरा एकदम उजळला. "बघा! म्हणजे यंदा मी तिला हरवलंच असतं."

"तुम्ही? कुमुदला? काहीतरीच काय, वहिनी!" यशवंतराव खुर्चीत ताठ बसले. कुमुद गेल्यापासून त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता.

"हरवलं असतंच!"

"छे, शक्यच नाही!"

चहा गार झाला तरी दोघांपैकी कुणी हटेना. कोण जिंकलं असतं, ते अजून ठरायचं आहे.