डिस्क का अडकतात

सर्व्हरच्या कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, डिस्क चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम तिने लिहिलेला. त्यामुळे डिस्कचं उत्तर वेळेत आलं नाही, टाइमआउट झाला, की साहेब डिस्कच्या रॅकपाशी उभे राहून तिच्यावरच तोंड टाकत.

"डिस्कला नावं ठेवू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं. आज कारण दे, नाहीतर उद्यापासून घरी बस."

साहेब रजेवर होते तेव्हा एकही टाइमआउट झाला नव्हता, हे तिला सकाळीच उमगलं होतं.

"ड्रायव्हर ठीक आहे, साहेब. फिरत्या डिस्कना मोठ्या आवाजाचा हादरा बसतो. तुम्ही इथे ओरडता, तेव्हाच त्या अडकतात."



"मी? मी कधी ओरडतो?" साहेब असे कडाडले की पडद्यावर ओळीने तीन टाइमआउट उमटले.