आधी हात पूस

बसा हो, पंख्याखाली बसा. एक गोष्ट सांगतो. मोठी नाही, मोठ्या मला जमत नाहीत.

हिंदी मुलखातलं आपलं गाव, त्यातलं सीपरीकडचं रेल्वे क्वार्टर. चैत्रातलं हळदीकुंकू. गौर मांडलेली, पुढे कैरीची डाळ, पन्हं, आणि वाटीत उगाळलेलं चंदन. आपल्या जुन्या घरांतून अजून रीत आहे बघा, आलेल्या बाईच्या हाताला चंदन लावायचं आणि त्यावर शिंपल्याने रेघा ओढायच्या. उन्हाळ्यात बरं वाटतं.

चंदन लावायला अहिल्या बसली होती. घर तिचंच. पण हात बघवत नव्हते तिचे. बोटांच्या बेचक्यांत चिरा, मनगटापर्यंत लाल, सोललेले.

बायका गोड बोलत होत्या. "राहू दे गं, दमली असशील, मी घेते लावून." दुसरी म्हणाली, "भाभीजी, आप बैठो, हम खुद लगा लेंगे." आपापल्या बोटाने चंदन घेत होत्या. शिंपला कोणी उचलत नव्हतं. अहिल्या वाटी पुढे करायची, परत मागे घ्यायची.

मग वसुंधराकाकू आल्या. लक्ष्मी गेटला राहणाऱ्या, सगळ्यांत वडील. त्यांनी हात दिला तर बाकीच्या देतील. नाही दिला तर पुढच्या वर्षी या घरी कोणी फिरकणार नाही. हे खोलीत सगळ्यांना ठाऊक.

"काकू, याची दुसऱ्याला लागण होत नाही हो," अहिल्या म्हणाली. "कशाने होतं ते बघायला डॉक्टरने पाठीला वेगवेगळ्या औषधांच्या पट्ट्या लावल्या होत्या, त्या आज सकाळी काढल्या. पाकिटातले ओले टिश्यू असतात ना, ते खराब होऊ नयेत म्हणून त्यात औषध घालतात. त्या औषधाच्या पट्टीखाली तेवढं लाल झालं. तेच मला सोसत नाही. दुसरं काही नाही."

"टिश्यूने कुठं असं होतं? माझी सून बाळाचं ढुंगण पुसते त्याने. बाळ मजेत आहे."

"मीही त्यानेच पुसायची हात. नळाला पाणी असतं कुठे."

"रेल्वेचा नळ तो. सिग्नल मिळेल तेव्हा येणार."

बायका हसल्या. काकूंनी हात पुढे केला, तो अर्ध्यावरच थांबला.

"लाव. पण आधी हात पूस. त्या टिश्यूनेच पूस हो, म्हणजे माझ्या मनाला बरं."

दारात यशवंतराव उभे होते, अहिल्येचे यजमान, रेल्वेत गार्ड. पाणी नाही तर नाही, बायकोचे हात साफ राहावेत, म्हणून टिश्यूचे खोके तेच आणायचे. सकाळी दवाखान्यातून आल्यावर पाकिटं फेकायला काढलीही त्यांनीच.

"आणा हो एक," अहिल्या म्हणाली.

"अगं, डॉक्टर काय म्हणाले..."

"आणा."

त्यांनी आणलं. तिने पुसलं. एक एक बोट, बेचक्यांतून, सगळ्यांना दिसेल असं. ओठ तेवढे मिटून घेतले. मग काकूंचा हात मांडीवर घेऊन चंदन लावलं, शिंपला फिरवला. रेघा अशा आल्या की काकू बघत राहिल्या.

"हात हलका आहे गं तुझा."

मग लाइन लागली. आधी स्वतः लावून घेतलेल्याही परत बसल्या. प्रत्येकीच्या वेळी अहिल्येने नवा टिश्यू काढला. कोणी मागितला नव्हता. कोणी नकोही म्हटलं नाही.

बायका गेल्या तेव्हा बोटांतून रक्त दिसत होतं. यशवंतराव तिच्यासमोर सतरंजीवर येऊन बसले आणि हात पुढे केला.

"मला लाव."

"पुरुषांना लावत नाहीत."

"गार्डाला चालतं. गार्ड शेवटच्याच डब्यात असतो."

ती हसली नाही. दमली होती. सवयीने हात बाजूला गेला, चाचपडला.

"पाकीट कुठंय?"

"मी बसलोय त्याच्यावर. तसंच लाव."

तिने त्यांचा हात मांडीवर घेतला. मग वाटी जवळ ओढली.

एवढीच गोष्ट. आता पुढच्या चैत्रात तुमच्या घरच्या बायका तिकडे जातील, तेव्हा माझं एक काम करा. त्यांना सांगा, बसल्याबरोबर हात पुढे करायचा. आणि अर्ध्यावर थांबवायचा नाही.