नव्या सिस्टरचं उत्तर

"बरी होईल ना हो ही, सिस्टर?"

रंगाऱ्यानं विचारलं तेव्हा नवी सिस्टर त्याच्या लेकीच्या हातावरची सलाईनची पट्टी बदलत होती. प्रश्न थेट पोरीच्या डोक्यावरून आला. पोर टक लावून तिच्याकडेच बघत होती.

"होणार म्हणजे काय! चांगली ठणठणीत होऊन घरी जाणार," सिस्टरच्या तोंडून निघून गेलं.

रंगाऱ्यानं मान हलवली. सिस्टरनं ट्रे उचलला आणि ती जवळजवळ पळतच औषधांच्या खोलीत शिरली. कारण सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर याच पोरीबद्दल बोलले होते, ते तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता फक्त दुखू द्यायचं नाही, एवढंच.

या मुलांच्या हॉस्पिटलात तिची ही पहिलीच नोकरी. कॉलेजात ती हुशारांत गणली जायची, पण इथं आल्यावर तिला साधी कापसाची बरणी सापडेना. ती शोधून दिली ती या पोरीनं. वॉर्डात इतके महिने काढले होते तिनं, की सगळे तिला मुकादम म्हणायचे. कुठल्या खणात काय आहे, कुठल्या मामांना हाक मारली की चादर लवकर मिळते, सगळं तिला तोंडपाठ. नव्या सिस्टरला शीर मिळेना आणि तिचे डोळे भरून आले, तेव्हा मुकादमनंच दुसरा हात पुढे केला होता. "तो हात नका घेऊ. त्याची शीर पळते. हा घ्या, हा शहाणा आहे."

तिच्याशी आज ती खोटं बोलली होती.

मोठ्या सिस्टरनी बाहेरून सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"अगं, काय बोललीस तू हे? डॉक्टरसुद्धा असं बोलत नाहीत."

"सुचलंच नाही मला. ती बघत होती माझ्याकडे."

"बघणारच. सगळीच बघतात. उद्या त्या बापाला कळलं की त्याला काय वाटेल, याचा विचार केलास? तोंडावर ताबा नसेल ना, तर इथं निभाव लागणार नाही तुझा."

त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दमलेल्या आवाजात बोलल्या.

दुसऱ्या दिवशी मुकादमची आई तान्ह्या बाळाला घेऊन आली. खाटेजवळ बसली आणि मग उठलीच नाही. नव्या सिस्टरनं गयावया करून पलीकडच्या टोकाच्या खाटांची ड्युटी मागून घेतली. पाण्याचा जग भरायला जाताना ती मान खाली घालून जायची. एकदा मुकादमनं हाक मारलीच. आवाज अगदी खोल गेला होता.

"सिस्टर, आज आमच्याकडे नाही?"

"आज तिकडे आहे गं ड्युटी. येते मी नंतर."

हे दुसरं खोटं. ती गेली नाही. घरी जाऊन पालथी पडून राहिली. आईनं जेवायला हाक मारली तर म्हणाली, भूक नाही. आपल्याला हे काम जमणार नाही, हे तिला आता पुरतं कळून चुकलं होतं. सुई टोचायला शिकता येतं, पण भेदरटपणा कुठं टाकून यायचा?

पुढच्या दुपारी, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ चालू असतानाच, मुकादम गेली. पडदे ओढले गेले. बाहेर कुणाचं तरी मूल फुग्यासाठी हट्ट करत होतं. मोठ्या सिस्टरनी काही न बोलता नव्या सिस्टरच्या हातात धुतलेला टॉवेल दिला. तिनं पोरीचे हात पुसले. पळणाऱ्या शिरेचा आणि शहाणा, दोन्ही. आता दोन्हीही सारखेच गप्प होते. तिला रडू आलं नाही. आतून सगळं कोरडं पडलं होतं.

काम संपल्यावर ती बाहेर आली. रंगारी जिन्याजवळच्या बाकावर बसला होता. नखांत पांढरा रंग अडकलेला. शेजारी लेकीच्या कपड्यांची पिशवी. नोकरी सोडायची तर होतीच, पण तोंड चुकवून जायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादा, मी तुमच्याशी खोटं बोलले. ती बरी होणार नाही हे मला ठाऊक होतं. उगाच आशा लावली तुम्हाला. मला माफ करा."

रंगाऱ्यानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं.

"मला ठाऊक होतं, सिस्टर. डॉक्टरांनी मला तुमच्या आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं."

"मग विचारलंत कशाला?"

"तिला कुणीतरी 'बरी होशील' म्हणावं, म्हणून. माझ्या तोंडून निघेना." त्यानं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "पण तिला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून सगळं कळायचं. तुम्ही ट्रे घेऊन गेलात ना, तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, 'बाबा, त्या नव्या आहेत. त्यांना कुणी सांगितलंच नसेल. तू पण सांगू नकोस, रडतील त्या.'"