सागवानी दार
धबधबा आणि मसाल्यांच्या बागा बघून टूरची बस जुन्या साहेबी शहरात शिरली, तेवढ्यात गाइडला बहिणीचा फोन आला. "दादा, आई गेली रे." "बरं," एवढंच म्हणून तो पाहुण्यांना घेऊन उतरला. गव्हर्नरचा बंगला, घंटाघर, गोऱ्यांचा क्लब. तोंडपाठ माहिती तो घडाघडा सांगत गेला. नेहमीच्या विनोदावर सगळे हसलेही. दगडी गल्लीत एका घरापुढे माणसं जमली होती. "इथे काय आहे?" एका आजोबांनी विचारलं. "दार बघा, दीडशे वर्षांचं, सागवानी," तो म्हणाला. "आत माझी आई आहे. मघाशी गेली." आजोबांनी त्याच्या हातातली टूरची झेंडी हळूच काढून घेतली. "बस आम्ही शोधू. तू आत जा, बाळा." बहीण धावत येऊन गळ्यात पडली. तो तिच्या खांद्यावरून पाहुणे मोजत राहिला. एकही कमी नव्हता.